अकरा ते चार

पहाटेचे सव्वापाच. निगडीच्या दुर्गा टेकडीखाली दुचाक्या लावायला जागा उरलेली नाही. एप्रिलचा शेवटचा आठवडा आहे, उजाडायला अजून अवकाश आहे, तरी माणसांची रीघ लागलेली आहे. जानेवारीत हीच मंडळी कानटोप्या घालून साडेसहा-सातला येतात. ऊन तापत जातं तसं त्यांचं येणं अलीकडे सरकतं. मार्चमध्ये सहा, पाडव्यानंतर साडेपाच, आता सव्वापाच. "मेमध्ये पाचला यायचं," बुटाची नाडी बांधता बांधता एक काका सांगतात. टेल्कोतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झालीत. "तीस वर्षं पहिल्या पाळीला साडेचारला उठलोय. मला काय जड जातंय?"

हवा खरंच सुखाची आहे. पुणे-पिंपरीचा हा भाग साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवरच्या पठाराचा, उन्हाळ्यात हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र. त्यामुळे जमीन दिवसा झपाट्यानं तापते आणि रात्री तितक्याच झपाट्यानं निवते. दुपारी चाळिशीला टेकलेला पारा पहाटे बावीस-तेवीसवर येतो. मुंबईकराला एप्रिलमध्ये अशी पहाट मिळत नाही. या दीड-दोन तासांसाठीच अख्खं शहर लवकर उठतंय.

चढावर गप्पा रंगल्यात. कुणाच्या मुलाला चाकणला पर्मनंट केलं, कुणाच्या सोसायटीत टँकरचा खर्च किती झाला. एक गट प्राणायाम करतोय, दुसरा हास्यक्लबचा. वळणावर एक तरुण मोबाईलवर गाणी लावून पायऱ्या पळत चढतोय, आणि त्याला "बाळा, आवाज कमी कर" म्हणणाऱ्या आजी स्वतः बिनचपलेच्या चालताहेत. मातीचा गारवा तळव्यांना बरा वाटतो म्हणे.

सहा वाजून गेल्यावर उजाडतं आणि मला टेकडीची झाडं नीट दिसू लागतात. दाट सावली देणारी झाडं आहेत, पण बरीचशी खराट्यासारखी उभी आहेत. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया भरपूर. हे झाड झटपट वाढतं, जनावरं खात नाहीत, पाणी मागत नाही, म्हणून ते लावलं गेलं. पण उन्हाळ्याच्या तोंडावरच ते पानं टाकतं, गुलाबी फुलांनी भरतं आणि पुढे ऐन एप्रिलमध्ये उघडंबोडकं राहतं. पावसाळ्यात ही टेकडी हिरवीगार होते तेव्हा सावलीची गरज कुणाला नसते. गुलमोहराचंही तेच. फुलं बघायला छान, पण पान येईस्तोवर त्याच्याखाली बसायची सोय नाही. त्याच वेळी करंज बघा: एप्रिलमध्ये कोवळ्या, चकचकीत पानांनी गच्च भरलेला असतो. कडुनिंबाला पालवी आलेली असते, वडा-पिंपळाला नवी पानं फुटलेली असतात. आपल्या मातीतली झाडं उन्हाळ्यासाठी आधीच तयार होऊन बसतात.

सातच्या सुमारास बायकांचा एक घोळका येतो. पंजाबी ड्रेस, पायात बूट, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. मी विचारतो, एवढ्या उशिरा का? त्यांच्यातली एक थांबून उत्तर देते. "घरचे फर्स्ट शिफ्टला. सहाला बस नाक्यावर येते. डबा कोण करणार? पोरांचं आवरायचं, पाणी आलं असेल तर भरायचं. मग निघायचं."

पाण्याचं ती सहज बोलून जाते. नोव्हेंबर २०१९ पासून या शहराला दिवसाआड पाणी मिळतं. ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी या बायकांचं चालणं बुडतं किंवा अर्ध्यावर येतं. आणि ज्या दिवशी जमतं, त्या दिवशी त्या पोचेपर्यंत ऊन पाठीवर आलेलं असतं. गार हवेचा सगळ्यात चांगला तास निवृत्त पुरुषांच्या वाट्याला येतो. ज्यांच्या हातचा डबा कारखान्यात जातो त्यांना उरलासुरला. घोळका सावलीच्या एवढ्याशा तुकड्यात ये-जा करतो आणि पाऊण तासात परततो. सव्वाआठला टेकडीवर मोजकी माणसं उरतात.

दहाला मी प्राधिकरणातल्या एका छोट्या उद्यानात येतो. कुठलं ते सांगत नाही, कारण इथे जे दिसतं ते आणखी पुष्कळ ठिकाणी दिसेल. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण झालं आणि कारखान्यांत आलेल्या माणसांसाठी पेठा आखल्या गेल्या. रस्ते रुंद, भूखंड नेटके, मधेमधे बागांसाठी राखलेल्या जागा. त्या दूरदृष्टीबद्दल मला मनापासून आदर आहे. आखणी केली तेव्हा लावलेली काही झाडं आज चाळिशी ओलांडून गेलीत.

उद्यानाच्या ईशान्य कोपऱ्यात असाच एक रेन ट्री आहे. त्याचा पसारा एवढा की त्याच्याखाली दोन कुटुंबांचं लग्नाचं जेवण बसेल. दक्षिण अमेरिकेकडून आलेलं हे झाड आपल्याकडे रस्त्यारस्त्याला रुजलं. त्याच्या बुंध्याला टेकून, वर्तमानपत्र अंथरून एक जण गाढ झोपलाय. डोक्याखाली कंपनीची बॅग, पायात सेफ्टी शूज तसेच. माळी हळूच सांगतो, "नाईटचा आहे. ओटा स्कीमच्या बाजूला पत्र्याची खोली आहे त्याची. दिवसा तिथं पडवत नाही." पत्रा तापला की खोलीत पंखासुद्धा गरम वाराच फेकतो, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगावं लागत नाही. रात्रभर मशीनवर उभं राहिलेल्या माणसाला दिवसाची झोप इथे मिळते.

माळी हिरवळीवर पाईप धरून आहे. टँकर सकाळी येऊन गेला. "लॉन सुटलं की पिवळं पडतं. साहेबलोक फोटो मागतात," तो म्हणतो. हिरवळ उद्यानाच्या मधोमध आहे, तिच्यावर एकाही झाडाची सावली नाही आणि तिच्यावर बसू नये अशी पाटी आहे. सगळ्यात जास्त पाणी पिणारा भाग तो, आणि उन्हाळ्यात सगळ्यात कमी उपयोगाचाही तोच. याच टँकरचं पाणी कोवळ्या करंजांच्या मुळाशी गेलं असतं तर दहा वर्षांत इथे केवढी सावली झाली असती, हा विचार मनातून जात नाही.

अकराला शिट्टी वाजते. वॉचमन एकेकाला उठवत फिरतो. झोपलेल्या माणसाच्या खांद्याला तो हात लावतो, जपून, आवाज न चढवता. "उठा भाऊ, टाईम झाला." माणूस उठून बसतो, कुठे आहे ते क्षणभर उमजत नाही. मग बॅग उचलतो आणि लाल डोळ्यांनी रस्त्याला लागतो. फाटकाला कुलूप लागतं. पाटीवर वेळ लिहिलेली आहे: सकाळी ६ ते ११, सायंकाळी ४ ते ९.

आता पुढचे दीड तास मी फाटकासमोर, रस्त्यापलीकडच्या रसवंतीत बसून आहे.

साडेबारा. रस्ता ओस पडलाय. पिंपरी-चिंचवड साडेअठरा अंश अक्षांशाच्या जरासं वर आहे. मेच्या मध्यावर सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि साडेबाराच्या सुमाराला सरळ उभ्या खांबाला सावलीच पडत नाही. आत्ता एप्रिल संपत आलाय, म्हणजे त्याच्या अगदी जवळ. उद्यानाची भिंत पुरुषभर उंचीची, पण तिच्या पायथ्याशी सावलीचा पट्टा जेमतेम वीतभर. भिंत, टपरी, उभा टेम्पो, यातलं काही या वेळेला कामाचं नाही. आडवी पसरलेली फांदी हवी. आणि फांद्या सगळ्या भिंतीच्या आत.

एक फांदी मात्र बाहेर आलीय. रेन ट्रीचा जेवढा पसारा भिंत ओलांडून फुटपाथवर झुकलाय तेवढीच सावली रस्त्याच्या वाट्याला आली आहे. तिथे सात माणसं आहेत. पाठीवर चौकोनी पिशव्या अडकवलेली डिलिव्हरीची दोन पोरं, गाडीवर आडवी होऊन मोबाईल बघताहेत. झाडलोट करणाऱ्या दोन मावश्या, हिरवे कोट उतरवून मांडीवर घेतलेले, डबा उघडलेला. कुल्फीची हातगाडी लावून एक भैया. कुरिअरचा एक मुलगा. आणि एक बाई कडेवर लेकरू घेऊन, दवाखान्यातून आलेली, रिक्षेची वाट पाहतेय. सावली सरकेल तशी माणसं सरकतात. मावश्यांचा डबा एकदा उचलून वीतभर पलीकडे ठेवला जातो.

भिंतीच्या आत तेच झाड आहे. तिथे बाक आहेत, खाली थंड माती आहे, नळ आहे. आणि वॉचमन आहे, प्लास्टिकच्या खुर्चीवर, एकटा.

मी रस्ता ओलांडून फाटकाशी जातो. तो उठून येतो. वाशिमकडचा आहे, ठेकेदाराकडे बारा तासांची ड्यूटी. "साहेब, मला उघडायला काय हरकत? मी तर इथंच असतो. पण वरून ऑर्डर नाही." बोलता बोलता त्याचं लक्ष त्या लेकराकडे जातं. तो आत जाऊन स्वतःच्या माठातलं पाणी बाटलीत भरतो आणि फाटकाच्या गजांतून बाटली बाहेर देतो. बाई लेकराच्या तोंडाला लावते, उरलेल्या पाण्यानं त्याचं डोकं ओलं करते आणि बाटली गजांतून परत आत जाते. मावश्यांपैकी एक आपली रिकामी बाटली पुढे करते. तीही तो भरून देतो. हे रोजचं असावं, कारण कुणी काही बोलत नाही.

दुपारी उद्यान बंद का, असं मी आजूबाजूला विचारतो. रसवंतीवाला म्हणतो, झाडलोट असते, पाणी मारायचं असतं. पण ते तर सकाळीच उरकलेलं मी पाहिलंय. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ खाली आले आहेत, ते खरं कारण सांगतात. "दुपारी पोरं-पोरी येऊन बसतात. पत्ते खेळणारे येतात. कुणी बाटली घेऊन बसतं. आम्हीच अर्ज दिला होता." त्यांची भीती मी खोटी मानत नाही. रिकाम्या बागेत हे होतं, आणि घरातल्या मुलीबाळींना मग संध्याकाळी तिथून जायला नको वाटतं. पण दुपारी बाग बंद ठेवल्यानं ती आणखी रिकामी होते. माणसांची ये-जा असली, मावश्यांचे डबे उघडलेले असले, कुणी डुलकी काढत असलं, एखाद्या बाकावर एमपीएससीचा अभ्यास करणारी पोरं असली, तर बाटलीवाल्याला तिथे बसवत नाही. वॉचमनचा पगार तर कुलूप असलं तरी द्यायचाच आहे.

आता एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. सावलीचा उपयोग सगळीकडे सारखा होत नाही. मुंबई-कोकणात हवा इतकी दमट की सावलीत बसलं तरी घाम वाळत नाही आणि जीव घाबरा होतो. आपल्या पठारावर एप्रिलची दुपार कोरडी. घाम चटकन उडून जातो आणि अंग निवतं. अंगाला त्रास होतो तो मुख्यतः थेट उन्हाचा आणि तापलेल्या सिमेंटा-डांबराच्या धगीचा. दाट झाड ऊन वरच्या वर अडवतं, खालची माती तापू देत नाही, शिवाय पानांतून पाण्याची वाफ सोडत राहतं. म्हणून इथे झाडाखाली बसलेल्या माणसाला लगेच हुशारी वाटते. विजेशिवाय, खर्चाशिवाय मिळणारा हा गारवा आपल्या शहरात जागोजागी आहे, आणि ज्या पाच तासांत तो जीव वाचवू शकतो नेमके तेच पाच तास आपण त्याला कुलूप घालतो.

जीव वाचवू शकतो हे मी वाढवून म्हणत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं तासन्‌तास उघड्यावर बसली आणि उष्माघातानं १४ जणांचा जीव गेला. पुण्यातही २८ एप्रिल २०१९ ला पारा ४३ अंशांवर गेला होता. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त झालं की हवामान खातं उष्णतेची लाट मानतं. पण ही मोजणी सावलीतल्या, जाळीच्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाची असते. फुटपाथवर झाडू मारणाऱ्या मावशीच्या डोक्यावर त्याहून कितीतरी जास्त धग असते.

दोनच्या पुढे मी चाकणला पोचतो. इथलं वेगळंच. एमआयडीसीचे टप्पे एकामागून एक वाढले, गाड्यांचे मोठमोठे कारखाने आले, खोल्या बांधल्या गेल्या, पण त्या वेगानं झाडं आणि बागा काही आल्या नाहीत. कंपन्यांच्या आत हिरवळ आहे, कारंजी आहेत. फाटकाबाहेर ट्रकांची रांग. चालक ट्रेलरखाली चादर टाकून पडलेत, कारण एवढ्या पट्ट्यात आडवी सावली देणारी वस्तू तेवढी एकच. कामाच्या शोधात आलेली चार पोरं, हातात बायोडेटाची प्लास्टिकची फाईल, एका बाभळीखाली उभी आहेत. बसायला जागा नाही म्हणून उभी. इथे उद्यान बंद असल्याची तक्रार करायलाही उद्यान हवं.

चारला मी पुन्हा प्राधिकरणात. फाटक उघडलंय आणि आत कुणीही नाही.

ही वेळ ठरवताना कुणीतरी घड्याळ पाहिलं असेल, पेव्हर ब्लॉकवर हात ठेवून पाहिला नसेल. मी ठेवतो आणि लगेच उचलतो. घसरगुंडीचा पत्रा बोट टेकवू देत नाही. ओपन जिमच्या लोखंडी दांड्यांना हात लावायची सोय नाही, आणि खेळण्यांखाली अंथरलेलं काळं रबर तर मऊ झाल्यासारखं लागतं. लहान मुलाची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ, ती चटकन भाजते. म्हणून सुट्ट्या लागलेल्या असूनही साडेपाचपर्यंत एकही पोर इकडे फिरकत नाही. पहिलं मूल येतं ते आजोबांचं बोट धरून. आजोबा आधी स्वतः तळहातानं घसरगुंडी चाचपतात, मान हलवतात, आणि नातवाला झोक्यावर बसवतात. झोक्याच्या साखळीला त्यांनी रुमाल गुंडाळलाय.

रेन ट्रीखाली मात्र चारलाही छान आहे. तिथे खेळणी नाहीत. खेळणी उघड्यावर आहेत आणि झाडाखाली कुंड्यांची रांग. खेळण्यांची जागा बदलायला मोठा आराखडा लागत नाही. पुढच्या वेळी दुरुस्तीला काढाल तेव्हा झाडाच्या पसाऱ्याखाली बसवा, एवढंच.

संध्याकाळी सहानंतर शहर घराबाहेर पडतं. पिंपळे गुरवच्या राजमाता जिजाऊ उद्यानात, ज्याला सगळी पोरं डायनासोर गार्डन म्हणूनच ओळखतात, गर्दी उसळते. पिंपळे सौदागरच्या लिनियर गार्डनकडे गाड्यांची रांग लागते. पवनेच्या काठी थेरगावच्या बोट क्लबच्या बाजूला वारा असतो, पण उन्हाळ्यात नदीवर जलपर्णी पसरली की डासांचे थवे उठतात आणि दिवेलागणीला माणसं काठावरून उठून जातात. उन्हाळ्यात नदीकाठ ही गावाची सगळ्यात गार जागा असायला हवी. आपण ती डासांना देऊन टाकली आहे, आणि हे मला फार लागतं.

साडेसातला मी भक्ती-शक्ती चौकात. शिवाजी महाराज आणि तुकोबांच्या शिल्पाभोवती, २०१८ साली उभारलेल्या १०७ मीटर उंच ध्वजस्तंभाच्या आसपास, जिथे मिळेल तिथे माणसं बसलीत. कठडे अजून कोमट आहेत, दिवसभर प्यायलेली धग सिमेंट आत्ता सोडतंय, पण वर वारा आहे. भेळ, कलिंगडाच्या फोडी, बर्फाचे गोळे. एका चटईवर पूर्ण कुटुंब जेवायलाच आलंय: आई भाकरी वाढतेय, मुलगी मोबाईलच्या उजेडात ठेचा शोधतेय. "घरात स्लॅबखाली बसवत नाही. दहापर्यंत इथंच," आई सांगते. "मग जाऊन पडायचं."

नऊच्या आसपास एका उद्यानावरून जातो तेव्हा शिट्टी ऐकू येते. आत्ता कुठे हवा पालटलीय, आत्ता कुठे बाकावर हात ठेवता येतोय, आणि लोकांना उठवलं जातंय. पोरं रडत निघतात. फाटकाबाहेर आल्यावर बहुतेक जण घरी जात नाहीत. ते रस्त्याकडेला, दुभाजकाच्या कट्ट्यावर, वाहनांच्या धुरात बसून राहतात. सेकंड शिफ्टवाला रात्री बारानंतर घरी येणार. त्याच्या घरच्यांना एवढ्या लवकर झोप येत नाही आणि घरात थांबवत नाही.

म्हणजे उन्हाळ्यानं माणसांच्या वेळा दोन्ही टोकांना ढकलल्यात, पहाटे पाचकडे आणि रात्री दहाकडे. ज्यांना मधली दुपार टाळताच येत नाही, म्हणजे झाडूवाल्या मावश्या, डिलिव्हरीची पोरं, रात्रपाळीचे कामगार, पत्र्याच्या खोल्यांतल्या बायका-मुलं, त्यांना बसायला जागा नाही. उद्यानांच्या वेळा मात्र डिसेंबरला ज्या होत्या त्याच आहेत.

हे बदलणं अवघड नाही. अहमदाबादेनं २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यातून धडा घेऊन २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, आणि देशातली बाकी शहरं त्या वाटेनं गेली. आपल्याच राज्यात नागपूरकरांनी उन्हाळ्यात दुपारी उद्यानं उघडी ठेवण्याचा मार्ग धरला. नागपूरचं ऊन आपल्यापेक्षा कडक आणि तिथल्या बागांनाही वॉचमन, माळी, ठेकेदार हेच सगळं आहे. तिथे चालतं ते इथे का चालू नये?

वेळ बदलायला पैसा लागत नाही, एक आदेश लागतो. मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेस्तोवर मोठी झाडं असलेली उद्यानं पहाटे पाच ते रात्री दहा सलग उघडी राहावीत. फाटकाच्या आत पिण्याच्या पाण्याचा नळ चालू असावा किंवा चार रांजण भरलेले असावेत. नवीन हिरवळ पसरायच्या आधी त्या जागी करंज, कडुनिंब, वड लावता येतो का ते बघावं. आणि संध्याकाळी काही भीती वाटत असेल तर दिवे वाढवावेत, कुलपं नकोत.

पालिकेची 'सारथी' हेल्पलाइन २०१३ पासून आहे. रस्त्यातल्या खड्ड्यासाठी आणि न आलेल्या पाण्यासाठी आपण तिथे तक्रार करतो. या आठवड्यात एक दिवस भर दुपारी साडेबाराला तुमच्या पेठेतल्या उद्यानासमोर जा. भिंतीबाहेर आलेल्या फांदीखाली कोण कोण उभं आहे ते बघा. मग 'सारथी'वर नोंद करा: आमच्या उद्यानाचं फाटक उन्हाळ्यात अकरा ते चार उघडं ठेवा.